लेकीच्या पेशी आणि बाहेरचं ऊन

माझी मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा तिच्या नाकावर आणि गालांवर बारीक तपकिरी ठिपके दिसायला लागले. आमच्या अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, त्याचं कौतुक होतं. "आमच्या माहेरच्या वळणावर गेलीया," ती म्हणायची. अव्वाचं माहेर आणि माझ्या बायकोचं माहेर एकच. बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. सीमेकडच्या आमच्या लिंगायत घरांत हे नेहमीचंच. बाहेरची मुलगी केली असती तर उलट चार पावण्यांनी का म्हणून विचारलं असतं.

ठिपके वाढत गेले. कपाळावर, हातांच्या पाठीवर, गळ्याशी. मुलगी उन्हात नेली की डोळे मिटून घ्यायची आणि तोंड माझ्या खांद्यात खुपसायची. आम्हाला वाटायचं लाडात आलीय. एका डॉक्टरांनी मलम दिलं, दुसऱ्यांनी ॲलर्जी म्हणून औषध दिलं, तिसऱ्यांनी मोठी झाली की जातील म्हणून सांगितलं. ती उन्हानं कधी भाजली नाही, कधी फोड आले नाहीत, त्यामुळं उन्हाकडं कुणाचं बोट गेलं नाही. अव्वा तर रोज सकाळी तिला तेल लावून गच्चीवर कोवळ्या उन्हात घेऊन बसायची. हाडं मजबूत होतात म्हणून मलाही तसंच बसवलेलं.

मी कागलच्या एमआयडीसीत, गाड्यांचे शाफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या खात्यात आहे. माझं काम अंधाऱ्या खोलीत चालतं. शाफ्टचं चुंबक करायचं, त्यावर चमकणारी लोखंडाची पूड मिसळलेलं पातळ तेल सोडायचं आणि अतिनील दिव्याखाली धरायचं. कुठं केसाएवढी चीर असली तर पूड तिथं गोळा होते आणि हिरवी रेघ लखलखायला लागते. साध्या उजेडात तोच शाफ्ट तुम्हाला आरशासारखा दिसेल. रेघ दिसली की मी खडूनं खूण करतो आणि माल बाजूला काढतो. दुरुस्त करायचा की मोडीत घालायचा ते पुढचे लोक ठरवतात. माझं काम फक्त दाखवायचं.

मुलगी चार वर्षांची असताना आम्हाला मुलगा झाला. तो जेमतेम तीन महिन्यांचा असेल, तेव्हा एकदा बायको मुलीला न्हाऊ घालून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, हिच्या नाकाजवळ बघा. नुसतं खरचटल्यालं न्हाय हे. खपली धरती, निघती, परत धरती."

मी बघितलं. तांदळाच्या दाण्याएवढी खरखरीत जागा होती. मी म्हटलं, नखानं काढत असेल.

"न्हाय काढत. मी रोज बघतीय की. आपण चांगल्या डॉक्टरकडं जाऊया."

तिच्या आवाजात असं काही होतं की मी दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकली.

कोल्हापुरातल्याच एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंचं नाव कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी आधी नाक बघितलं, मग भिंग घेऊन गाल, कान, हात. मग त्यांनी मुलीचा फ्रॉक वर करायला सांगितलं आणि पोट बघितलं, पाठ बघितली. पाठीवर त्यांनी सावकाश हात फिरवला.

"झाकलेल्या जागी एकही डाग नाही," त्या म्हणाल्या.

ते खरंच होतं. तिची पाठ लोण्यासारखी होती. आम्ही रोज आंघोळ घालत होतो, रोज बघत होतो, आणि त्याचा काही अर्थ असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

"तुम्ही दोघं नात्यातले आहात का?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. "आतेभाऊ-मामेबहीण... म्हणजे मी यांच्या मामाची," ती म्हणाली.

मॅडमनी मान डोलावली. त्यांनी रागावल्यासारखं केलं नाही, दया दाखवल्यासारखंही केलं नाही. नाकावरची जागा भूल देऊन काढून घेऊया, तपासायला पाठवूया, आणि रक्त जनुकांच्या तपासणीसाठी बाहेरगावी पाठवूया, म्हणाल्या. आणि अहवाल येईपर्यंत मुलीला उन्हात न्यायचं नाही. अजिबात नाही. बाळालाही नाही.

"बाळाला काय झालंय?" बायकोनं विचारलं.

"काही झालंय असं म्हणत नाही मी. कळेपर्यंत काळजी घेऊ."

नाकाचा अहवाल आधी आला. कॅन्सर नव्हता. त्याच्या आधीची पायरी होती, आणि काढलेल्या तुकड्याच्या कडा साफ होत्या, म्हणजे सगळं निघालं होतं. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर पुढचं काही वेळ मला ऐकू आलं नाही. बायकोनं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "नव्हता म्हणाल्यात त्या. ऐका की." मग मी ऐकलं.

रक्ताचा अहवाल यायला बरेच दिवस गेले. तो आला तेव्हा मॅडमनी आम्हाला संध्याकाळी, बाकीचे पेशंट गेल्यावर बोलावलं. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, झेरोडर्मा पिगमेंटोसम. मला ते नीट म्हणता यायला पुढं बरेच दिवस लागले. नाव सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, आता हे काय आहे ते समजून घ्या, कारण इथून पुढं औषधापेक्षा तुमच्या समजण्यावरच जास्त चालणार आहे.

माझी डब्याची पिशवी टेबलावर होती. त्यांनी तिची चेन हातात घेतली.

"पेशीच्या आत डीएनए असतो, तो असा समजा. दोन पट्ट्या. इकडच्या प्रत्येक दातानं तिकडच्या समोरच्या दाताला धरायचं. उन्हातले अतिनील किरण कातडीत शिरतात आणि एकाच पट्टीवरचे शेजारी-शेजारी असलेले दोन दात एकमेकांना चिकटवून टाकतात. मग ते समोरच्याला नीट धरत नाहीत. तिथं फुगवटा येतो, चेन अडकते."

"हिलाच होतं हे?" मी विचारलं.

"नाही. सगळ्यांना होतं. तुम्हाला, मला. दुपारी गंगावेशीतून बिंदू चौकापर्यंत चालत गेलात तरी तुमच्या कातडीत अशा असंख्य जागा चिकटलेल्या असतात. आपल्याला कळतसुद्धा नाही, कारण पेशी स्वतःच दुरुस्ती करते. एक प्रथिन पट्टीवरून फिरत फुगवटा शोधतं. सापडला की तिथंच बसतं आणि बाकीच्यांना बोलावतं. दुसरे येऊन चेन तेवढ्यापुरती उघडतात. चुकीच्या जागेच्या अलीकडं एक काप घेतात, पलीकडं एक काप घेतात, मधला तुकडा काढून टाकतात. समोरची पट्टी शाबूत असते, तिच्यावर बघून नवा तुकडा भरतात आणि सांधा जोडतात. झालं. आज पडलेलं बरंचसं ऊन एक-दोन दिवसांत आतल्या आत निस्तरलेलं असतं."

अव्वाही आमच्याबरोबर आली होती; मुलगी बाहेर बाकावर तिच्याजवळ खेळत होती. तिचा आवाज येत होता.

"आणि हिच्यात?"

"हिच्याकडं कापणारे आहेत, भरणारे आहेत, जोडणारे आहेत. फक्त शोधणारा नाही. त्याला बनवण्याची कृतीच तिच्या जनुकात बिघडलीय. त्यामुळं बाकीचे सगळे हजर असून त्यांना कुणी बोलवत नाही. चुका तशाच राहतात, साठत जातात. पेशी त्या चुकांसकट स्वतःची नक्कल काढते, आणि एखादी नक्कल भलतीकडं जाते. नाकावर झालं ते असंच."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "म्हणजे इन्स्पेक्शनच न्हाय."

मॅडमना माझं काम माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल." पण मला त्या क्षणी कळण्याचं सुख नको होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मालातल्या चिरा शोधल्या आणि माझ्या पोरीच्या कातडीत ते करणारं कुणी नाही, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

मग त्यांनी जे सांगितलं त्यानं मात्र पहिल्यांदा श्वास मोकळा झाला. या आजाराचे प्रकार असतात. काही प्रकारांत मेंदू आणि कान हळूहळू मंदावतात. हिचा जो बिघाड होता त्यात सहसा तसं होत नाही. डीएनएचा जो भाग पेशी कामासाठी सारखा वाचत असते, तिथली चूक शोधणाऱ्याशिवायही, वाचता वाचता अडखळून सापडते. ती वाट हिच्यात चालू होती. म्हणूनच ती उन्हानं भाजली नव्हती, आणि म्हणूनच आम्हाला कळायला उशीर झाला होता.

"म्हणजे ही शाळा शिकंल?" बायकोनं विचारलं.

"का नाही शिकणार? शिकेल, नोकरी करेल. फक्त ऊन तिच्यापर्यंत पोचता कामा नये. दुरुस्ती होत नाही ना, मग मोडतोडच होऊ द्यायची नाही. एवढं तुम्ही सांभाळलंत आणि दर काही महिन्यांनी मला दाखवत राहिलात, तर आपण पुढं राहू."

मग बाळाचं बोलणं निघालं. आमच्या दोघांकडंही त्या कृतीची एक प्रत चांगली आणि एक बिघडलेली होती. एक चांगली असली तरी काम भागतं, म्हणून आम्हाला काही नव्हतं. मुलीला दोन्हीकडून बिघडलेलीच आली. बाळाला काय आलंय ते रक्त बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं. त्याच दिवशी त्याचं रक्त काढलं. तो रडला नाही, नुसता नर्सकडं बघत राहिला.

घरी आल्यावर अव्वानं सगळं विचारून घेतलं. नात्यातल्या लग्नामुळं हे असं होण्याचा संभव वाढतो, हे मी गाळून सांगणार होतो, पण ती मुळात हुशार बाई. तिनं बरोबर तिथंच बोट ठेवलं. "म्हंजे माज्या भावाची पोर मी आणली म्हणून झालं हे."

 बायको आत बाळाला पाजत होती. ती तशीच बाहेर आली. लहानपणापासून ती अव्वाला आत्याच म्हणते.

"आत्या, तुम्ही आणली म्हणून मी या घरात हाय. मला एक दिवस वाईट वाटलं न्हाय. आता परत हे बोलायचं न्हाय. आपल्याला कामं लई हाईत."

अव्वा पदरानं डोळे पुसत म्हणाली, "व्हय. कामं सांग."

कामं खरंच होती. माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते कारखान्यातलं मीटर. अतिनील दिव्याचा जोर बरोबर आहे का, हे आम्ही रोज एका छोट्या मीटरनं मोजतो. मोबाइलएवढं यंत्र, त्याला वायरनं जोडलेली एक गोल चकती. चकतीवर जेवढे किरण पडतील तेवढा आकडा वर जातो. मी साहेबांना सगळं सांगितलं आणि मीटर घरी न्यायला मागितलं.

"ने की," साहेब म्हणाले. "शनिवारी ने. सोमवारी पहिल्या शिफ्टला लागंल तेवढं." मग मी दारापर्यंत गेल्यावर परत हाक मारून म्हणाले, "पोरीचं काय असंल ते सांगत जा. सुट्टीबिट्टी लागली तर लाजू नको."

रविवारी मी घर मोजायला काढलं. मुलीला तो खेळ वाटला. ती चकती धरायची आणि मी आकडा वाचायचा. पलंगाजवळ काही नाही. देवघराजवळ काही नाही. मग आम्ही बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी गेलो. खिडकी बंद होती, काच लावलेली. माझी खात्री होती की काचेआड ती सुरक्षित आहे. गेले काही आठवडे ती तिथंच बसून रस्ता बघायची. चकती काचेला लावली आणि आकडा सर्रकन वर चढला.

मी चकती काढून घेतली आणि परत लावली. तोच आकडा.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, अतिनील किरणांत दोन जाती धरा. जास्त घातक जात काच अडवते, दुसरी बऱ्यापैकी आत सोडते. तुमचं मीटर ती दुसरी दाखवतंय. काचेला पारदर्शक फिल्म मिळते, ती लावून घ्या, आणि परत मोजा.

फिल्म लावणारा माणूस गाड्यांच्या काचांचं काम करायचा. घराच्या सगळ्या खिडक्यांना लावायची म्हटल्यावर त्यानं विचारलं, "पावणं, एसी बसवणार काय?" मी कारण सांगितलं. मग त्यानं कोपरे असे काही दाबून बसवले की आजही कुठं सुटलेलं नाही. फिल्म बसल्यावर पुढच्या रविवारी परत मागून आणलेलं मीटर लावलं. आकडा शून्यावर येऊन थांबला. बाहेर रस्त्यावर भर दुपारचं ऊन, आत तोच उजेड, आणि मीटरवर शून्य. मुलगी खिडकीत जाऊन बसली आणि समोरच्या घरातल्या मांजराला हाका मारायला लागली. मी बायकोला म्हटलं, चहा टाक.

कपड्यांचंही तसंच केलं. मी एकटा गच्चीवर उन्हात बसलो आणि चकतीवर एकेक कापड धरत गेलो. तिचे सुती फ्रॉक जवळजवळ निरुपयोगी निघाले. निम्मं ऊन आरपार. माझी जीनची पँट अडवत होती, पण ती चार वर्षांच्या पोरीला उन्हाळ्यात कोण घालणार? मग अव्वा जिना चढून वर आली. तिच्या हातात तिचं जुनं इरकली लुगडं होतं, काळपट हिरवं, घट्ट विणीचं.

"हे धर बघू."

मी घडी दुहेरी करून धरलं. आकडा हलला न हलला.

"अगं, हे तुझं लग्नातलं हाय," मी म्हटलं.

"मग काय झालं? पेटीत ठेवून काय करायचंय? पोरीला टोपी करा त्याची."

बायकोला शिवण येतं. तिनं त्या लुगड्याची खांद्यापर्यंत येणारी टोपी शिवली, आणि तोंडासमोर जाड पारदर्शक प्लास्टिकची पट्टी बसवली; त्या पट्टीवर उरलेली फिल्म लावली. हातमोजे केले. मुलगी ते घालून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी अंतराळात चाललोय." दोन दिवस ती घरातसुद्धा काढायला तयार नव्हती.

हे सगळं चालू असताना बाळाचा अहवाल यायचा होता. त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. पण बायकोनं त्याला उचललं की ती आधी उजेडाकडं पाठ करायची, आणि मला दिसायचं की ती दुपट्याच्या कडेनं त्याची हनुवटी, गाल, कानाची पाळी बघतेय. एकदा त्याच्या कपाळावर काळा ठिपका दिसला म्हणून तिनं मला कारखान्यात फोन केला. अव्वानं लावलेल्या काजळाचा होता तो. अव्वानं त्याला तेल लावणं सोडलं नव्हतं, पण गच्चीवर नेणं बंद झालं होतं. तेल लावून झालं की ती त्याला मांडीवर घेऊन आतल्या खोलीत बसायची आणि कन्नडमध्ये काहीतरी गुणगुणायची.

फोन आला तेव्हा मी अंधाऱ्या खोलीत होतो. हातात मोजे, समोर शाफ्ट. मोबाइल थरथरला. मी सहकाऱ्याला खूण करून बाहेर आलो. उजेडानं काही दिसेना, म्हणून मी डोळे मिटूनच बोललो.

मॅडम म्हणाल्या, "बाळाचा अहवाल आलाय. त्याच्याकडं एक प्रत चांगली आहे. तुमच्यासारखाच. त्याला आजार नाही."

मी परत विचारलं. त्यांनी परत सांगितलं. मग म्हणाल्या, "घरी आधी सांगा. कागद संध्याकाळी घेऊन जा."

मी बायकोला फोन लावला. तिनं लगेच उचलला. मी म्हटलं, "न्हाय त्याला. बरा हाय."  मग ती म्हणाली, "आत्यांना सांगा तुम्हीच. मला बोलता यायचं न्हाय." अव्वानं फोन घेतला, ऐकलं आणि विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं नक्की. ती म्हणाली, "बरं. जेवून घे तू." आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी डबा पूर्ण संपवला. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा भाजीला चव होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिफ्टला निघायच्या आधी अव्वा बाळाला तेल लावून गच्चीवर घेऊन गेली. मागोमाग बायको गेली. मीही गेलो. ऊन नुकतंच पाण्याच्या टाकीवरून खाली उतरलं होतं. अव्वानं त्याला पालथं टाकलं आणि त्याची तेलकट पाठ उन्हात चमकायला लागली. बायको कठड्याला टेकून नुसती बघत होती. मला आतून ठाऊक होतं की आत्ता या क्षणी त्या एवढ्याशा पाठीत दात चिकटतायत, आणि आत शोधणारा फिरतोय, आणि कापणारे, भरणारे, जोडणारे कामाला लागलेत. कुणी सांगायला नको, कुणी बघायला नको.

जिन्याच्या दारात मुलगी उभी होती. टोपी घालून, मोजे घालून. ती दाराच्या सावलीतच थांबली होती. बाहेर पाऊल टाकायचं नाही, हे ती शिकली होती.

"त्याला चालतं?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं.

"त्याच्यात दुरुस्ती होती?"

तिच्यासमोर आम्ही इतकं बोललो होतो, तिला सगळे शब्द पाठ झाले होते. "होती," मी म्हटलं.

"माझी न्हाय होत."

"तुझी निम्मी होती. निम्मी आम्हाला करावी लागती. म्हणून टोपी."

तिनं बाळाच्या पाठीकडं बघितलं. मला वाटलं आता रडेल. पण ती म्हणाली, "मग मला त्याला बघू द्या की जवळनं." मी तिला टोपीसकट उचललं, वरून माझा टॉवेल धरला आणि बाळाजवळ नेलं. तिनं मोजा घातलेल्या हातानं त्याच्या पाठीवर थोपटलं. "तेलकट हाय," म्हणाली, आणि आपण खाली जाऊया म्हणाली. बायको तिच्याबरोबर खाली गेली. त्या सकाळी बायको बराच वेळ तिच्याजवळच होती. आनंद झालाय आणि तो एकीसमोर पूर्ण दाखवता येत नाही, हे घरातल्या सगळ्यांनी त्या दिवसापासून न बोलता सांभाळलं.

त्याला आता पाच वर्षं होत आली. मुलगी चौथीत आहे. शाळेत घालताना मला धाकधूक होती, पण तिच्या बाई मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "खिडक्यांना काय लावायचं ते सांगा, आणि तुमचं ते यंत्र घेऊन एकदा या." मी गेलो, वर्ग मोजला, फिल्म लावली. तिला आतल्या भिंतीजवळचा बाक दिला. खेळाच्या तासाला ती हॉलमध्ये कॅरम आणि बुद्धिबळ खेळते. बाकीच्या पोरांनी आळीपाळीनं तिच्याबरोबर आत राहायचं ठरवलंय. सुरुवातीला काही पालकांनी विचारलं की हे लागतं का एकमेकांचं. बाईंनी पालकसभेत उभं राहून सांगितलं की लागत नाही, आणि विषय संपला. ड जीवनसत्त्वाचे थेंब तिला रोज द्यावे लागतात. ती ते नाक मुरडून घेते.

मधल्या काळात आणखी एक जागा काढावी लागली, कानाच्या वर. तीही वेळेवर सापडली, तीही साफ निघाली. ती बायकोलाच सापडली, वेणी घालताना. आमच्या घरात रविवारी आंघोळीनंतर मुलीला दिव्याखाली बसवून डोक्यापासून नखापर्यंत बघायचं ठरलेलं आहे. मी बघतो, मग बायको बघते. एकाच्या नजरेतून सुटलं तर दुसऱ्याच्या नजरेत यावं म्हणून. मुलगी तोवर गोष्टीचं पुस्तक वाचत बसते आणि पान उलटायला आम्ही धरलेला हात हवा असला की आमच्यावर ओरडते.

गेल्या आठवड्यात नेहमीची तपासणी होती. मॅडम आम्हाला अजूनही शेवटची वेळ देतात, सूर्य कलल्यावरची. त्यांनी भिंगातून सगळं बघितलं, डोळे बघितले, मागच्या वेळचे फोटो शेजारी ठेवून ताडून बघितले. "काही नवीन नाही," त्या म्हणाल्या. "एकही नाही." मग मुलीला विचारलं, "मोठी झाल्यावर काय व्हायचं ठरलं?"

"अजून बघायलोय," मुलगी म्हणाली.

बाहेर आलो तेव्हा अंधार पडायला लागला होता. मुलीनं टोपी काढून आईच्या पिशवीत कोंबली आणि केस मोकळे केले. आम्ही रंकाळा तलावावर गेलो. वारं होतं. दोन्ही पोरांना घोड्यावर बसायचं होतं. ऐनवेळी मुलगा घाबरला आणि मला चिकटला. मुलगी चढून बसली आणि त्याला म्हणाली, "ये, मी धरतो तुला. काय न्हाय होत." तो गेला. घोडेवाल्यानं लगाम धरून त्यांना सावकाश पुढं नेलं. बायको भेळेचा कागद हातात धरून उभी होती, खायचं विसरून. मग तिनं एक घास घेतला आणि म्हणाली, "तिखट हाय. पण चांगली हाय." मी तिच्या हातातून कागद घेतला. दूरवरून दोघांचा एकत्र हसण्याचा आवाज आला, आणि आम्ही भेळ संपवत तिथंच उभे राहिलो.